मध्यरात्रीची सायकल आणि दिवसाचा रस्ता

शासकीय सेवकाने आपल्या पदास न शोभणारे असे काहीही करू नये, हा नियम आपल्यापैकी बहुतेकांस पाठ आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, यांतील तिसऱ्या नियमात तो सापडतो. गेली तेवीस वर्षे आम्ही तो पाळीत आलो, निदान तशी आमची समजूत होती. परंतु मागील महिन्यात हाच नियम आम्हांस नव्याने ऐकावा लागला. आणि तोही कचेरीत नव्हे, तर येथील मराठी मंडळींच्या एका स्नेहभोजनात, हाती श्रीखंडाची वाटी असताना. ऐकविणारे गृहस्थ वयाने आणि हुद्द्याने आमच्याहून वडील आहेत. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे व तो या लेखानंतरही राहील. ‘अहो, या वयात मध्यरात्री पोरासोरांबरोबर सायकलच्या शर्यती करता? उद्या वर्तमानपत्रात फोटो आला, तर आपल्या लोकांनी येथे तोंड कोठे लपवायचे?’ असे त्यांनी चारचौघांत विचारले. चारचौघांनी माना डोलावल्या. आम्ही श्रीखंड संपविले आणि घरी आलो. त्या वेळी न दिलेले उत्तर येथे देत आहोत. ते थोडे लांबले आहे, कारण लिहावयास बसल्यावर आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न आमच्या एकट्याच्या अब्रूचा नाही.

प्रथम अपराधाचे स्वरूप सांगितले पाहिजे. जानेवारीतील एका शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास टी. नगरमधील पानगल पार्कच्या कुंपणाशी तीसेक सायकलस्वार जमले होते. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी होते, संगणकाच्या कंपन्यांत काम करणारी मुले-मुली होत्या, एक शाळामास्तर होते, आणि सर्वांत वडील म्हणून आम्ही होतो. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबातील मुलाने ‘वांग सार, वांग’ म्हणून आम्हांस आग्रहाने नेले होते. शर्यतीला नाव नव्हते, तिच्यामागे संस्था नव्हती, प्रवेशशुल्क नव्हते, फलक नव्हता. प्रत्येकाच्या हाती एक कागद देण्यात आला. त्यावर पाच ठिकाणे लिहिली होती: तिरुमलै पिळ्ळै रस्त्यावरील कामराजांचे घर, जी. एन. चेट्टी रस्त्यावरील वाणी महाल, दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे फाटक, शिवाजी गणेशन यांचे निवासस्थान आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे, पश्चिम मांबलममधील अयोध्या मंडपम्. प्रत्येक थांब्यावर एक जण शिक्का घेऊन उभा राहणार. पाचही शिक्के घेऊन पानगल पार्कशी जो प्रथम परत येईल, तो जिंकला. कोणता थांबा आधी घ्यावा, कोणत्या गल्लीतून जावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

पाश्चात्त्य देशांत या प्रकारास ‘ॲलीकॅट’ म्हणतात, म्हणजे गल्लीबोळांतले भटके मांजर. या नावाची पहिली शर्यत १९८९ साली कॅनडातील टोरांटो शहरी झाली. ती भरविणारे लोक हौशी खेळाडू नव्हते. कचेऱ्या-कचेऱ्यांमधून कागदपत्रे व पाकिटे पोहोचविणारे ते सायकलस्वार हरकारे होते. दिवसभर पोटासाठी जे करावयाचे, तेच रात्री आपसांत पैजेने करून पाहावे, असा त्यामागे विचार होता. पुढे १९९३ साली बर्लिन येथे अशा हरकाऱ्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. हा खेळ श्रमातून जन्मला, हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, त्याचे सगेसोयरे आपल्या घरातही आहेत. १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था दुसरे काय आहे? मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेली माणसे सायकलीला डबे लटकावून ठरल्या वेळी ठरल्या दारी पोहोचतात. त्यांचे थांबे ठरलेले असतात, वेळ ठरलेली असते, आणि चूक झाली तर कोणीतरी उपाशी राहतो. त्यांच्या कौतुकाची भाषणे आपण गणेशोत्सवात परप्रांतीयांना मोठ्या अभिमानाने ऐकवितो. डबेवाल्याची सायकल आपल्या भाषणात शोभते आणि आपल्या मांडीखाली शोभत नाही, ही विसंगती आमच्या वडील स्नेह्यांनी एकदा तपासून पाहावी.

आता शोभेचाच मुद्दा घेऊ. जो नियमग्रंथ आम्हांस न शोभणाऱ्या गोष्टी करू नका असे सांगतो, तोच पंधराव्या नियमात हौशी खेळाडू म्हणून खेळांत भाग घेण्यास पूर्वपरवानगीची गरज नाही असेही सांगतो. त्या नियमात टेनिसची सायकलीपेक्षा वेगळी गणना केलेली नाही. क्लबात संध्याकाळी टेनिस खेळणारा अधिकारी आम्ही पाहिला आहे, गोल्फ खेळणारा पाहिला आहे, ब्रिजच्या टेबलाशी पहाटेचे दोन वाजविणारा तर घराघरांत पाहिला आहे. यांपैकी कोणासही पदाच्या शोभेविषयी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा हरकत खेळाला नाही, अवेळेलाही नाही. हरकत सायकलीला आहे. सायकल हे गरिबाचे वाहन. ते सोडून मोटारीत बसण्यासाठी तर आपण परीक्षा दिल्या, बदल्या सोसल्या, घरापासून हजार मैलांवर येऊन राहिलो! मग त्याच वाहनावर परत बसणे म्हणजे सारा प्रवास उलटा करणे नव्हे काय? ही भीती कोणी बोलून दाखवीत नाही. परंतु चारचौघांनी ज्या तत्परतेने माना डोलावल्या, तीत ती स्पष्ट दिसत होती.

या भीतीस आमचे उत्तर असे की, आपला सर्वांचा प्रवास सायकलीवरूनच झालेला आहे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून भारतभर ओळखले जात असे. प्राध्यापक सायकलीवर येत, वकील सायकलीवर येत, मामलेदार कचेरीतले कारकून सायकलीवर येत. आपल्या वडिलांच्या पिढीतील किती जणांनी नगरपालिकेचा बिल्ला लावलेली सायकल चालविली, आणि दिव्यावाचून वा डबलसीट जाताना पकडले गेल्यावर दंड भरला, याच्या कथा घरोघर आहेत. आणि जी ‘हर्क्युलिस’ दाराशी उभी असल्याचा आपल्या घरांत अभिमान असे, ती आली कोठून? या चेन्नईजवळच्या अंबत्तूर येथून. १९४९ साली स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्स या कंपनीचा कारखाना तेथेच उभा राहिला. म्हणजे आपण मराठी माणसे या शहरात बदलीवर येण्याच्या कितीतरी आधी या शहराची सायकल आपल्या दारी आली होती. तिने आपल्याला शाळेत पोहोचविले, कॉलेजात पोहोचविले, परीक्षेच्या केंद्रावर पोहोचविले. तिच्यावर पुन्हा बसण्यात हीनपणा मानणे, हा कृतघ्नपणा आहे. त्याहून सौम्य शब्द आम्हांस सुचत नाही.

दुसरी हरकत कायद्याची. परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत, म्हणजे बेकायदा कृत्य, असे आमच्या स्नेह्यांनी ठामपणे सांगितले. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याचे कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावण्यास मनाई करते, हे खरे. परंतु ते कलम मोटारवाहनांच्या शर्यतीविषयी आहे. माणसाच्या पायांवर चालणारे वाहन त्याच्या व्याख्येत बसत नाही. अर्थात कलमात बसत नाही म्हणून सर्व मोकळे, असा वकिली पवित्रा आम्ही घेणार नाही. रस्ता सर्वांचा आहे, लाल दिवा सायकलीलाही लागू आहे, उलट दिशेने जाणे सायकलीलाही गैरच आहे. परंतु कायद्याची चाड असलेल्यांनी एका प्रसंगाचा विचार करावा. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ रोजी याच चेन्नई शहरात, आयलंड ग्राउंड्सभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवर साडेतीन किलोमीटरचा मार्ग आखून, दिव्यांच्या झगझगाटात मोटारींची रात्रशर्यत झाली. ती राज्यशासनाच्या पाठबळाने झाली, तिच्यासाठी वाहतूक वळविली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या शर्यतीस लेखी संमती होती आणि आमच्या शर्यतीस नव्हती, हा फरक आम्ही मान्य करतो. परंतु त्या वेळी आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींनी पास मिळविण्यासाठी केलेली धावपळही आमच्या लक्षात आहे. मोटारींसाठी शहराचे रस्ते दोन रात्री बंद झाले, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. तीस सायकली एका रात्री, कोणताही रस्ता बंद न करता, पाऊण-एक तास फिरल्या, तेव्हा आपल्याला लाज वाटली. ही लाज कायद्यापोटी आलेली नाही, हे उघड आहे.

तिसरी हरकत धोक्याची, आणि येथे मात्र आम्ही मान खाली घालतो. अशा शर्यतींत जो लाल दिव्यास थांबत नाही तो जिंकतो, ही त्यांची मूळ खोड आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये शिकागो येथे अशाच एका शर्यतीत चौक ओलांडताना एका तरुण सायकलस्वाराचा मोटारीखाली मृत्यू झाला. ‘प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर यावे’ असे कागदाच्या तळाशी छापून भरविणारे मोकळे होतात, हे आम्हांस मान्य नाही. जबाबदारी अशी कागदावर ढकलता येत नाही. आपल्या व्यवसायात तर हे आपण रोज शिकतो. आणि मरणारा एकटा सायकलस्वारच असतो असे नाही. चौकात अचानक घुसलेल्या सायकलीला चुकविणारा एखादा गरीब रिक्षावाला आडवा झाला, तर त्याचे काय? शर्यत सुरू होण्यापूर्वी आम्ही ही शंका तेथील मुलांपुढे मांडली. काहींनी ऐकले, काही हसले.

आम्ही स्वतः काय केले ते सांगतो. काही चौकांत रात्री नुसता पिवळा दिवा लुकलुकत होता. तेथे दोन्हीकडे पाहून पुढे गेलो. जेथे लाल होता तेथे पाय टेकून उभे राहिलो. एकमार्गी रस्त्यांवर उलट गेलो नाही, त्यामुळे दोन ठिकाणी मोठा वळसा पडला. परिणामी आम्ही सर्वांच्या शेवटी पोहोचलो. पहिला आलेला मुलगा तोवर चहा पिऊन बसला होता. या शर्यतींत शेवटच्यालाही बक्षीस देण्याची चाल आहे. त्यानुसार आम्हांस पंक्चर काढण्याच्या सामानाची एक लहान पेटी मिळाली. ती आम्ही कपाटात, सेवेतील मानचिन्हांशेजारी ठेवली आहे.

हा धोका टाळता येत नाही असे मात्र नाही. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांची जी ‘ब्रेव्हे’ नावाची पद्धत पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाच्या नियमांनी जगभर चालते आणि जी पुण्यात व चेन्नईतही रुजली आहे, तीत थांबे आहेत, शिक्के आहेत, रात्रीची सायकल आहे; परंतु क्रमांक नाहीत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. मुदतीत पोहोचला तो यशस्वी. पहिला कोण आणि शेवटचा कोण, याची नोंद गौरवासाठी होत नाही. रात्री दिवा आणि चमकणारा अंगरखा सक्तीचा. टी. नगरच्या मुलांनी एवढे जरी घेतले, तरी खेळाची गंमत न जाता त्याचा डंख जाईल. लाल दिवा मोडणाऱ्याचा कागद फाडावा, थांब्यांमध्ये मुदत सैल ठेवावी, जवळच्या पोलीस ठाण्यास आगाऊ कळवावे. आम्ही त्यांना हे तमिळ-इंग्रजीच्या खिचडीत सांगितले आहे आणि पुढेही सांगणार आहोत. परंतु जो शेजारी उभा राहून सांगतो, त्याचेच मुले ऐकतात. खिडकीतून सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

हरकती संपल्या. आता आम्हांस जे खरे म्हणावयाचे आहे त्याकडे येतो.

टी. नगर हे नाव सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्यावरून पडले. आज जेथे ही वसाहत आहे तेथे पूर्वी एक विस्तीर्ण तलाव होता. १९२० च्या दशकात तो आटवून, मध्यभागी उद्यान आणि त्यातून चहूकडे फुटणारे रस्ते, अशी ही नगररचना झाली. आम्ही या भागात अडीच वर्षे राहत आहोत आणि ही माहिती आम्हांस पहिल्याच महिन्यात कोणीतरी दिली होती. परंतु माहिती असणे वेगळे आणि कळणे वेगळे. नोव्हेंबर २०२१ मध्ये टी. नगरच्या रस्त्यांत पाणी तुंबून राहिले, त्या वेळी वर्तमानपत्रांनी तलावाची आठवण काढली. आम्हांस ती आठवण त्या रात्री आमच्या पोटऱ्यांनी दिली. रुळांखालच्या दुरैसामी भुयारी रस्त्यात सायकल आपोआप उतरते, आणि बाहेर पडताना जो दम लागतो तो मोटारीच्या मागच्या आसनावर कधीच लागत नाही. अडीच वर्षांत आम्ही त्या भुयारातून शेकडो वेळा गेलो असू. तो चढ आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

ज्या रस्त्यावर शिवाजी गणेशन यांचे घर आहे, तो पूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने बोग रोड म्हणून ओळखला जाई. आज त्याला त्या नटाचे नाव आहे. व्ही. सी. गणेशन या तरुणाने अण्णादुरै यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि १९४६ साली पेरियार यांनी त्याला ‘शिवाजी’ ही पदवी दिली, ती जन्मभर राहिली. आपल्या महाराजांचे नाव या परक्या शहराच्या एका रस्त्यावर अशा आडवाटेने येऊन बसले आहे. त्या फाटकाशी शिक्का मारणाऱ्या मुलीला आम्ही मराठी आहोत हे कळताच तिने हसून आम्हांस दोनदा शिक्का मारला. हा रस्ता आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. अडीच वर्षांत आम्ही तेथे एकदाही उतरलो नव्हतो.

रात्रीच्या त्या तासाभरात आम्हांस दुसरीही एक गोष्ट दिसली. रस्त्यावर सायकली आमच्याच होत्या असे नाही. रंगनाथन स्ट्रीटच्या तोंडाशी, जेथे दिवसा मुंगीला वाट मिळत नाही, तेथे दुकानांची शटरे पडली होती आणि झाडूवाल्या बायका दिवसाचा कचरा गोळा करीत होत्या. त्यांच्या मुकादमाची सायकल खांबाला टेकलेली होती. पहाऱ्यावर निघालेले रखवालदार सायकलीवर होते. चहाचे पिंप कॅरिअरला बांधून एक म्हातारा चौकाचौकांत थांबत होता. एका लाल दिव्याशी घरपोच खाणे नेणारा मुलगा मोटारसायकलीवर आमच्या शेजारी येऊन थांबला. हातातला कागद पाहून त्याने हिंदीत विचारले, ‘काय आहे हे?’ आम्ही सांगितले. पाच थांबे, शिक्के, वेळेची पैज. तो म्हणाला, ‘मग आमचे रोजच आहे.’ दिवा हिरवा झाला आणि तो गेला. ज्यांनी आम्हांस शोभेचा नियम ऐकविला, त्यांच्या घरीही रात्री साडेदहाला अशा मुलांकरवी जेवण येते, आणि ते पाच मिनिटे उशिरा आले तर तक्रार होते, हे आम्ही जाणतो. आमच्याही घरी येते. बिनपरवान्याची शर्यत या शहरात रोज रात्री होते. ती आपण भरवितो, आणि तीत बक्षीस नसते.

आणि तरीही रात्रीचा रस्ता या माणसांना मोकळा होता. खरी गोष्ट दिवसाची आहे. दिवसा उस्मान रोडवर सायकल घालून पाहावी म्हणजे कळेल. कडेला मोटारी उभ्या, त्यांच्याबाहेर रिक्षा, त्यांच्याबाहेर बस. सायकलीला उरते ती बसचे चाक आणि रिक्षाचा आरसा यांमधली फट. या शहराच्या महानगरपालिकेने २०१४ साली पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले आणि वाहतुकीच्या निधीपैकी किमान ६० टक्के भाग त्यांच्या सोयींसाठी राखावा असे त्यात म्हटले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर रस्त्याचा विचार वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने करावा असे आधीच सांगून ठेवले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाँडी बाजारचा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी रुंद पदपथांसह नव्याने खुला झाला, आणि तेथे संध्याकाळी मुलेबाळे घेऊन फिरणारी माणसे पाहिली की धोरण प्रत्यक्षात आल्यावर कसे दिसते ते कळते. परंतु पाँडी बाजार संपतो तेथे ते दृश्यही संपते. कागदावर धोरण आणि रस्त्यावर फट, यांमध्ये कोण बसलेले असते? नगरसेवक असतो, ठेकेदार असतो, मंत्री असतो, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. परंतु त्यांच्याआधी एक टिपणी लिहिणारा असतो. तो आपल्यापैकी असतो.

येथे आम्हांस स्वतःविषयी सांगणे भाग आहे. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका राज्यातील एका मध्यम आकाराच्या शहरी, एका रस्तारुंदीकरणाच्या प्रस्तावाची आर्थिक तपासणी आमच्याकडे होती. अंदाजपत्रक मर्यादेबाहेर जात होते. कपात सुचविणे हे आमचे काम. प्रस्तावात दोन्ही कडांना सायकलींसाठी दीड-दीड मीटरचा पट्टा होता. तो काढला की आकडा बसत होता. आम्ही लिहिले: ‘सायकल वाहतूक नगण्य असल्याने ही बाब वगळता येईल.’ नगण्य हा शब्द आमचा. कोणी मोजणी केलेली नव्हती. आम्ही रोज सकाळी दहा वाजता त्या रस्त्याने मोटारीतून जात होतो आणि आम्हांस सायकली दिसल्या नव्हत्या, एवढाच त्याला आधार. वरिष्ठांनी टिपणी मान्य केली, आमची प्रशंसाही झाली. पुढल्या वर्षी रस्ता पूर्ण झाल्यावर एकदा संध्याकाळी सहाला, गिरणी सुटण्याच्या वेळी, आमची मोटार त्याच रस्त्यावर अडकली. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना सायकलीच सायकली होत्या. आम्ही काय केले? चालकास हॉर्न वाजविण्यास सांगितले.

ही हकीकत आम्ही बारा वर्षांत कोणास सांगितली नव्हती. खरे सांगावयाचे तर ती आम्हांस आठवतही नव्हती. त्या जानेवारीच्या रात्री दुरैसामी भुयारातून धापा टाकीत वर येताना मागून एका मोटारीने जोराने हॉर्न वाजविला, आणि तेव्हा ती आठवली. न शोभणारे कृत्य आमच्या हातून घडलेले आहे. ते मध्यरात्री घडले नाही, तर सकाळी अकरा वाजता, खुर्चीत बसून, शाईने घडले. आणि त्याबद्दल कोणीही आम्हांस तिसरा नियम ऐकविला नाही.

आपण बदलीची माणसे. तीन वर्षे येथे, तीन वर्षे तेथे. प्रत्येक शहरात आपल्याला निवासस्थान मिळते, मोटार मिळते, मराठी मंडळ मिळते, आणि या तिहींच्या आडून जेवढे शहर दिसेल तेवढे पाहून आपण पुढल्या गावी जातो. घरी गेलो की ‘मद्रासचे लोक असे’, ‘कलकत्त्याचे रस्ते तसे’ अशी मते देतो. ही मते निरुपद्रवी असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. परंतु आपली मते फायलींत जातात. ज्या रस्त्यावर आपण कधी पाय टेकलेला नाही, त्या रस्त्याची रुंदी आपण ठरवितो. जो चढ आपल्याला कळलेला नाही, तो दुसऱ्याने रोज चढावा असे आपण सहीने सांगतो. परक्या प्रांतात आलेल्या अधिकाऱ्यावर तर याची जबाबदारी दुप्पट आहे, कारण चूक झाली तर तिचे फळ भोगावयास तो तेथे राहत नाही.

म्हणून आमची मागणी शर्यतीची नाही. ज्यांना मध्यरात्रीचे जागरण नको त्यांनी ते करू नये. गुडघे दुखत असतील त्यांनी वैद्याचे ऐकावे. परंतु ज्याच्या टेबलावरून रस्त्याची, पुलाची, बसथांब्याची, गटाराची एकही फाईल जाते, त्याने त्या शहरात निदान एकदा पाच ठिकाणे कागदावर लिहून, सायकलीने वा पायी, ती स्वतः गाठावीत. लाल दिव्याशी थांबावे. वळसे घ्यावेत. शेवटी पोहोचावे. मग परत येऊन ‘नगण्य’ हा शब्द लिहून दाखवावा. तो त्याच्या हातून लिहिला जाणार नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु लिहिण्यापूर्वी तो मोजणी मागवील.

आमच्या वडील स्नेह्यांस शेवटची एक विनंती. फोटो आलाच तर तो आमचाच येईल, आपण निश्चिंत असावे. परंतु त्या मुलांची पुढली फेरी याच महिन्याच्या अखेरीस आहे, या वेळी क्रमांक न लावता केवळ मुदतीची. एवढे तरी त्यांनी आमचे ऐकले आहे. आमच्याकडे एक जादा सायकल आहे. तिला दिवा आहे, घंटा आहे, ब्रेक नवे घातले आहेत, आणि सीट आपल्या उंचीला बेताची करून ठेवली आहे.